उंच केलेल्या जीपचे स्टीअरिंग का थरथरते?

ताशी ७०-८० किलोमीटर वेगाने धावणारी जीप पुलाच्या सांध्यावरून किंवा लहानशा खड्ड्यावरून जाते आणि दुसऱ्याच क्षणी पुढची दोन्ही चाके डावी-उजवीकडे जोराने फडफडू लागतात. स्टीअरिंग हातातून निसटू पाहते, सारी गाडी हादरते आणि वेग बराच उतरेपर्यंत हे थांबत नाही. अमेरिकेतील जीपधारकांनी या दोषाला 'डेथ वॉबल' असे नाव दिले आहे. नाव भयंकर असले तरी दोष गूढ नाही. क्रमाने तपासणी केली, तर त्याचे मूळ बहुतेक वेळा सापडते.

कोणत्या गाड्यांत?

पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारा अखंड एक्सल असलेल्या गाड्यांत हा दोष आढळतो. जीप रँग्लर हे त्याचे ठळक उदाहरण. पुण्याजवळील रांजणगाव येथे २०२१ मध्ये या गाडीची जोडणी सुरू झाली. भारतात १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी, २०२३ मध्ये आलेली जिम्नी आणि जुन्या महिंद्र जीप याच जातीच्या. २०१० आणि २०२० मध्ये आलेल्या महिंद्र थारच्या पुढच्या चाकांचे सस्पेन्शन मात्र स्वतंत्र आहे. त्यामुळे तिच्या थरथरीची कारणे वेगळी असतात.

उंचीने काय बिघडते?

सायकलचा पुढचा चिमटा किंचित मागे कललेला असतो, म्हणूनच हँडल आपोआप सरळ होते. मोटारीतील या कलाला 'कास्टर' म्हणतात. लिफ्ट किट बसवून गाडी उंच केली की एक्सल खाली सरकताना किंचित फिरते आणि कास्टर कमी होतो. परिणामी चाके सरळ राहण्याची ओढ मंदावते.

दुसरा परिणाम ट्रॅक बारवर होतो. एक्सल बाजूला सरकू नये म्हणून चासी आणि एक्सल यांना जोडणारी ही आडवी दांडी. काही ठिकाणी तिला पॅनार्ड रॉड असेही म्हणतात. गाडी उंच झाल्यावर ही दांडी अधिक तिरकी होते, तिच्या बुशांवर आणि बोल्टांवर ताण वाढतो, शिवाय एक्सल थोडे एका बाजूला सरकते. त्यातच मोठी, वजनदार टायर बसवली, तर प्रत्येक सांध्यावरचा भार वाढतो. मूळ उंचीवर खपून गेलेली ढिलाई आता डोके वर काढते.

तपासणीचा क्रम

प्रथम लक्षण नीट ओळखावे. ठराविक वेगाला सुरू होणारी आणि वेग वाढवल्यावर विरणारी हलकी थरथर सहसा टायरच्या असमतोलामुळे असते. खड्ड्याच्या धक्क्याने सुरू होऊन वाढत जाणारे हादरे सांध्यांतील ढिलाई सुचवतात. मात्र असमतोल टायर ही ठिणगीही ठरू शकते. म्हणून तपासणीची सुरुवात टायरपासूनच करावी. हवेचा दाब, बॅलन्सिंग, वाकलेली रिम, टायरवरील फुगवटा हे पाहावे. पुढची टायर मागे व मागची पुढे टाकून गाडी चालवावी. थरथरीत स्पष्ट फरक पडला, तर दोष टायरमध्ये आहे.

त्यानंतरची चाचणी सर्वांत उपयोगी. गाडी सपाट जागी चाकांवरच उभी ठेवावी, हँडब्रेक लावावा, इंजिन सुरू करावे. एकाने स्टीअरिंग थोडे डावीकडे-उजवीकडे सतत फिरवावे. दुसऱ्याने ट्रॅक बार, ड्रॅग लिंक, टाय रॉड एंड आणि चासीवरील स्टीअरिंग बॉक्स यांकडे पाहावे, शक्य तिथे सांध्यावर बोटे टेकवून ठेवावीत. ट्रॅक बारचे टोक आपल्या बोल्टभोवती किंचितही सरकत असेल, तर गुन्हेगार तेथेच सापडला असे समजावे. अनेकदा बोल्टाचे भोक घासून लांबट झालेले असते. अशा वेळी बोल्ट नुसता आवळून भागत नाही. भोक दुरुस्त करावे लागते किंवा ब्रॅकेट बदलावा लागतो. बुशाचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर असतानाच, कंपनीने दिलेल्या टॉर्कने आवळावेत.

पुढची पायरी बॉल जॉइंटची. जिप्सी आणि जिम्नीमध्ये त्यांच्या जागी किंगपिन बेअरिंग असतात. पुढचे एक्सल जॅकने उचलून घोडीवर टेकवावे. चाक वरून आणि खालून धरून हलवावे. हलले, तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. ढिलाई नाहीशी झाली तर व्हील बेअरिंग, कायम राहिली तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन दोषी. चाक दोन्ही बाजूंनी आडवे धरून हलवल्यास टाय रॉड एंडची ढिलाई कळते. शेवटी कंट्रोल आर्मच्या बुशांना टॉमी लावून पाहावी. रबर फाटले असेल, तर एक्सल पुढे-मागे सरकलेले दिसते.

सर्व सांधे घट्ट असल्याची खात्री झाल्यावरच अलाइनमेंट करावी. ढिल्या सांध्यांवर केलेली अलाइनमेंट टिकत नाही. टो आणि कास्टर दोन्हींचे आकडे लेखी मागावेत. कास्टर कमी भरला, तर कॉइल स्प्रिंगच्या गाड्यांत लांबी बदलता येणारे कंट्रोल आर्म आणि पाट्यांच्या गाड्यांत पाटा व एक्सल यांमध्ये पाचर बसवून तो सुधारता येतो.

डॅम्पर हा इलाज नव्हे

स्टीअरिंग डॅम्पर बदलला की हादरे बंद झाल्यासारखे वाटतात. रँग्लरच्या काही गाड्यांसाठी उत्पादकाने २०१९ मध्ये नवा डॅम्पर देऊ केला होता. परंतु गाडी उंच केल्यानंतर सांधा झिजला असेल, तर डॅम्पर हे दुखणे केवळ झाकतो. आत झीज सुरूच राहते आणि पुढचा झटका अधिक जोराचा येतो. म्हणून डॅम्पर सर्वांत शेवटी.

रस्त्यात हादरे बसले तर

अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलावा, स्टीअरिंग घट्ट धरावे, पण अंगठे आऱ्यांमध्ये अडकवू नयेत. झटकन वळवू नये. वेग हळूहळू उतरवून गाडी कडेला घ्यावी आणि सर्व बोल्ट पाहिल्याशिवाय वेगाने पुढे जाऊ नये.

गाडी उंच करण्यापूर्वी कायद्याची बाजूही पाहायला हवी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका स्पष्ट केली. थरथरणारे स्टीअरिंग केवळ चालकाचाच नव्हे, तर समोरून येणाऱ्याचाही जीव धोक्यात घालते.