लवचीक नियोजन-सॉफ्टवेअर आणि नवखा वापरकर्ता

छापील दैनंदिनी कशी वापरायची हे कोणाला शिकवावे लागत नाही. पानावर तारीख असते, ओळी आखलेल्या असतात; माणूस लिहू लागतो. संगणकावरील लवचीक नियोजन-सॉफ्टवेअरमध्ये नेमका हाच आधार नसतो. नोंदींचे वर्ग कोणते, कामांची यादी कशी दिसावी, वाचनाची टिपणे आणि घरखर्चाचा हिशेब एकत्र ठेवायचा की वेगळा, हे सारे वापरणाऱ्याने ठरवायचे असते. मुरलेल्या वापरकर्त्याला हे स्वातंत्र्य प्रिय असते. नवखा मात्र कोऱ्या पडद्यासमोर थबकतो आणि पुष्कळदा तेथूनच परत फिरतो.

ही अडचण जुनी आहे. अमेरिकेतील लोटस डेव्हलपमेंट कंपनीने १९८८ मध्ये ‘अजेंडा’ हा प्रोग्राम बाजारात आणला. मिच केपॉर, जेरी कॅप्लन आणि एड बेलोव्ह हे त्याचे प्रमुख रचनाकार. तोवरच्या डेटाबेसमध्ये आधी रकाने आखावे लागत, मग माहिती भरावी लागे. अजेंडाने हा क्रम उलटा केला. ‘पुढच्या मंगळवारी कराराबाबत फोन करणे’ अशा अर्थाचे साधे इंग्रजी वाक्य टंकले की प्रोग्राम त्यातून तारीख ओळखी आणि शब्दांवरून नोंद संबंधित वर्गांत टाकी. एकच नोंद अनेक वर्गांत राहू शके. कल्पना काळाच्या पुढची होती. पण तिचा लाभ घ्यायचा तर वर्ग आणि त्यांचे नियम आधी स्वतः बांधावे लागत. अजेंडाला निष्ठावंत चाहते लाभले, गर्दी लाभली नाही, आणि काही वर्षांतच त्याचा विकास थांबला.

त्यानंतर लोटसने विकलेले ‘ऑर्गनायझर’ क्षमतेत कितीतरी साधे होते. पडद्यावर चक्क कड्यांची डायरी दिसे, कडेला रंगीत टॅब असत, पाने उलटत. कागदी डायरी हाताळलेल्या माणसाला त्यात काही नवीन शिकावे लागत नसे. ही नक्कल बाळबोध म्हणता येईल, पण नवख्याला काय हवे असते याचे उत्तर तिच्यात होते.

केपॉर यांनी मूळ कल्पना सोडली नाही. नव्या शतकाच्या आरंभी त्यांनी ओपन सोर्स ॲप्लिकेशन्स फाउंडेशन ही संस्था उभारली, तिच्यात स्वतःचे ५० लाख डॉलर घातले आणि ‘चँडलर’चे काम सुरू झाले. पत्रे, भेटीगाठी, कामे आणि टिपणे यांच्यातील भिंती पाडून सर्वांना एकाच प्रकारची नोंद मानायचे, असा हा महत्त्वाकांक्षी बेत होता. तो लांबत गेला. या रखडपट्टीचा वृत्तांत सांगणारे स्कॉट रोझेनबर्ग यांचे ‘ड्रीमिंग इन कोड’ हे पुस्तक २००७ मध्ये आले, तेव्हाही सॉफ्टवेअरची पहिली पूर्ण आवृत्ती आलेली नव्हती. ती ऑगस्ट २००८ मध्ये आली. केपॉर त्याच वर्षाच्या सुरुवातीला प्रकल्पातून बाजूला झाले होते. तोवर २००६ मध्ये आलेले गुगल कॅलेंडर लोकांच्या हाती पोचले होते. त्याला फारशी लवचीकता नव्हती, पण ब्राउझर उघडला की ते चालत असे.

याच काळात एक अगदी वेगळा प्रयोग वाढत होता. ॲमस्टरडॅम विद्यापीठातील खगोलशास्त्रज्ञ कार्स्टेन डोमिनिक यांनी स्वतःचे काम मार्गी लावण्यासाठी २००३ मध्ये ‘ऑर्ग-मोड’ लिहिले. इमॅक्स या संपादक-प्रोग्रामचा तो एक भाग असून, ओळीच्या सुरुवातीला तारांकन टाकले की मथळा तयार होतो आणि टॅब कळ दाबली की मथळ्याखालचा मजकूर मिटतो किंवा उघडतो. एवढ्यावर काम भागत असेल तर पुढचे काही शिकावे लागत नाही. वेळापत्रक, तक्ते, वेळेची मोजदाद हे सारे आत आहे, पण ते दाराशी येऊन उभे राहत नाही. लवचीक सॉफ्टवेअरने नवख्याशी कसे वागावे, याचा याहून चांगला नमुना क्वचितच सापडेल.

अडसर आहे तो खुद्द इमॅक्सचा. त्याची परिभाषा आजच्या संगणकाआधीची आहे. मजकूर कापण्याला तेथे ‘किल’ म्हणतात, चिकटवण्याला ‘यँक’, आणि कंट्रोल-सी दाबून काहीच नकलले जात नाही. साध्या यादीसाठी आलेल्या माणसाला आधी ही वेगळी वहिवाट अंगवळणी पाडावी लागते. त्याच फाइली मोबाइलवर उघडणारे ऑर्गझली हे ॲप आले, तेव्हा इमॅक्सला वळसा घालणारी एक वाट तयार झाली.

‘नोशन’ने दरवाजाच बदलला. इव्हान झाओ आणि सायमन लास्ट यांची ही कंपनी २०१५ च्या सुमारास जवळजवळ बुडाली होती. दोघांनी जपानमधील क्योटो येथे राहून सॉफ्टवेअर नव्याने लिहिले. २०१८ मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि २०२० मध्ये व्यक्तिगत वापर जवळपास निर्बंधमुक्त व विनामूल्य झाला. पण गर्दी खेचण्यात मोठा वाटा तयार नमुन्यांचा, म्हणजे टेम्प्लेटचा आहे. प्रवासाचा बेत, अभ्यासाचे वेळापत्रक, वाचलेल्या पुस्तकांची यादी: वापरकर्ते आपली मांडणी इतरांना देतात, घेणारा ती आधी जशीच्या तशी वापरतो आणि मग मोडतोड करत शिकतो. कोरा पडदा त्याच्या वाट्याला येतच नाही. इंग्रजीनंतर नोशनने पहिली निवडली ती कोरियन भाषा, तीही २०२० मध्येच.

आलेला माणूस टिकेल का, हा निराळा प्रश्न. वर्षानुवर्षांच्या नोंदी दुसऱ्याच्या ताब्यात असतात आणि अटी बदलू शकतात. ‘एव्हरनोट’ने डिसेंबर २०२३ मध्ये विनामूल्य वापर ५० नोंदी आणि एका वहीपुरता मर्यादित केला, तेव्हा अनेकांना ही जाणीव झाली. २०२० मध्ये आलेल्या ‘ऑब्सिडियन’चे आकर्षण यामुळेच वाढले. त्यातील नोंदी वापरकर्त्याच्याच संगणकावर साध्या मजकुराच्या फाइली म्हणून राहतात. सॉफ्टवेअर बंद पडले तरी त्या कोणत्याही संपादकात उघडतात. नवे काही निवडताना आपल्या नोंदी बाहेर कशा काढता येतात, हे पहिल्याच आठवड्यात करून पाहणे शहाणपणाचे.

मराठीत नोंदी ठेवणाऱ्यांसाठी साधा मजकूर आणखी एका अर्थाने सोयीचा आहे. युनिकोडमुळे देवनागरी अशा फाइलींत विनासायास टिकते. शोध घेताना मात्र अडते. केवळ अक्षरे जुळवणाऱ्या शोधात ‘विमा’ टाकल्यास ‘विम्याचा’ सापडत नाही, ‘शाळा’ टाकल्यास ‘शाळेत’ निसटते आणि ‘पुणे’ टाकल्यास ‘पुण्याहून’ दिसत नाही; विभक्तीपूर्वी शब्दाचे रूपच बदलते. इंग्रजीत हा त्रास इतका जाणवत नाही, म्हणून इंग्रजीसाठी बांधलेल्या शोधयंत्रणेत त्याची तजवीज असेलच असे नाही. तोवर उपाय साधा आहे: नोंदीच्या आरंभी मूळ शब्द लिहावा, ‘विमा – सप्टेंबरचा हप्ता’ असा, आणि मजकूर पुढे हवा तसा चालू द्यावा.