तिघांचा मेळ : विजेच्या होडीचा इतिहास

शर्यतीच्या इतिहासात स्वाराचे नाव राहते, क्वचित घोड्याचेही राहते. परंतु लगामाची नोंद कोणी ठेवीत नाही. विजेवर चालणाऱ्या होडीच्या बाबतीत असेच झाले आहे. मोटर कोणी घडविली आणि विद्युत्-घट कोणी सिद्ध केला, हे पाठ्यपुस्तकांत सापडते. या दोहोंच्या मध्ये बसून विजेला ‘एवढीच जा, अधिक नको’ असे बजावणारा जो वेगनियंत्रक, त्याची वंशावळ मात्र सहसा सांगितली जात नाही. रेडिओ-लहरींनी काठावरून चालविल्या जाणाऱ्या शर्यतीच्या चिमुकल्या होड्यांचा खेळ आज जगभर खेळला जातो. या खेळातील पुष्कळशा आपत्तींचे, मग ती जळालेली तार असो, फुगलेली बॅटरी असो की तळ्याच्या मधोमध निश्चेष्ट पडलेली होडी असो, मूळ एकच असते : मोटर, बॅटरी आणि नियंत्रक या तिघांचा मेळ बसलेला नसतो. विजेच्या होडीचा आजवरचा सारा इतिहास म्हणजे या मेळाच्या शोधाचा इतिहास होय, असे आम्हांस वाटते.

हा विचार मनीमाजऱ्यात सुचावा यात नवल नाही. अठराव्या शतकात गरीबदासाने जेथे आपली सत्ता स्थापिली ते हे गाव आज चंदीगढ नगरीच्या पोटात सामावले आहे, आणि जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांसाठी येथील मोटार मार्केट प्रसिद्ध आहे. मेळ म्हणजे काय, हे तेथील कारागिरास शिकवावे लागत नाही. बॅटरी उतरली की स्टार्टर फिरत नाही, नुसती टकटक ऐकू येते. गिऱ्हाईक स्टार्टरला दोष देते, कारागीर आधी बॅटरी तपासतो. गावापासून जवळच सुखना तलाव आहे. सुखना चो या पावसाळी ओढ्यास बांध घालून १९५८ साली तो निर्माण झाला. नगररचनाकार ल कॉर्ब्युझिए आणि मुख्य अभियंते पी. एल. वर्मा यांची ही योजना. मोटारबोटींच्या गोंगाटाने या पाण्याची शांती भंगू नये, असा कॉर्ब्युझिए यांचा आग्रह होता. त्यांचे चुलतबंधू पिएर जानेरे यांनी येथल्यासाठी पायांनी चालवावयाच्या होड्यांची आखणी केली, आणि १९६७ साली ते निवर्तल्यावर १९७० मध्ये त्यांच्या अस्थी याच जळात विसर्जित झाल्या. शांत पाणी आणि वेगाची हौस यांचे वैर मिटवावयाचे, तर ते तेलाच्या इंजिनाच्या हातून होणे नाही. ते काम विजेचे. मग हे काम साधण्यास वीजेला इतका काळ का लागावा?

१८३८ साली सेंट पीटर्सबर्गच्या नेवा नदीत मोरित्स याकोबी या शास्त्रज्ञाने विजेवर होडी चालवून दाखविली. जस्त आणि तांबे यांच्या पत्र्यांच्या ३२० जोड्यांनी तिला वीज पुरविली, आणि दहा-बारा माणसे तीत बसली होती. पुढल्या वर्षी त्याने अधिक बलवान असे ग्रोव्हचे घट वापरले. परंतु त्यांतून निघणाऱ्या नायट्रिक आम्लाच्या वाफांनी माणसांचा जीव कासावीस होई. इतका खटाटोप करून होडी चालली ती पायी चालणाऱ्या माणसाच्या चालीने. मोटर फिरत होती, यात शंका नाही. पण तिला पोसणारा घट जस्त खाऊन जगत होता, आणि जस्ताचा खर्च कोळशापुढे टिकणारा नव्हता. येथे एक साथीदार सिद्ध होता, दुसरा दुबळा होता, आणि तिसरा जन्मलाच नव्हता.

दुसऱ्याचे दैन्य प्लांते या फ्रेंच संशोधकाने कमी केले. १८५९ साली त्याने शिशाच्या पत्र्यांचा, पुनःपुन्हा भरता येणारा घट बनविला, आणि १८८१ मध्ये फोर याने त्यावर लेप चढवून त्याची शक्ती वाढविली. त्याच वर्षी ग्युस्ताव्ह त्रूव्हे याने पॅरिसच्या सीन नदीत काढून-घालता येणारी मोटर लावून होडी चालविली. १८८२ साली लंडनच्या थेम्स नदीत ‘इलेक्ट्रिसिटी’ नावाची नौका उतरली, तीत ४५ संचयक घट आणि सीमेन्सच्या दोन मोटरी होत्या. यांतील एकच मोटर चालवावी की दोन्ही, हे नावाड्याने ठरवावयाचे. इतिहासकार या नौकेची गती सांगतात. आम्हांस तिच्यातील ती कळ अधिक महत्त्वाची वाटते. बळ किती आहे यापेक्षा त्यातले किती वापरावे, हा प्रश्न येथे होडीवर प्रथमच आला. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात पन्नासांहून अधिक विद्युत्-नौकांनी दहा लाखांवर प्रवासी वाहिले, तोवर ही जाण चांगलीच पक्व झाली होती.

यानंतर आज्ञा काठावरून देण्याची कल्पना आली. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्ला याने हौदातील छोटी होडी तारेवाचून हाकून दाखविली. त्या वर्षी ८ नोव्हेंबरला त्याचे पेटंट नोंदले गेले. होडीच्या पोटात संचयक घट होता, एक मोटर पंखा फिरवी, दुसरी सुकाणू वळवी. आजच्या प्रत्येक खेळण्यातल्या होडीची ही आद्य पूर्वजा. तरीही वेग हळूहळू चढवावा, हळूहळू उतरवावा, हे कौशल्य तिला अवगत नव्हते.

ते कौशल्य फार हळू आले. आरंभी हौशी मंडळी मोटरीच्या वाटेत रोधक तार घालीत. एक छोटी सरकती पट्टी त्या तारेवर मागेपुढे सरके. हा उपाय म्हणजे धरणाचे पाणी गटारात सोडून कालवा आटोक्यात ठेवण्यासारखा होय. मोटरीला अर्धाच दाब द्यावयाचा, तर उरलेली अर्धी वीज तारेत उष्णता होऊन फुकट जाई. पुढे अर्धवाहकांच्या साह्याने वीज दर सेकंदास हजारो वेळा चालू-बंद करण्याची युक्ती निघाली. चालू काळ वाढविला की वेग वाढतो, आणि नासाडी नाममात्र. १९६२ साली ब्रशविरहित मोटरीची कल्पना विल्सन व ट्रिकी यांनी मांडली. १९८० नंतरच्या दशकात निओडिमियमचे प्रबळ चुंबक आले, आणि १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. ब्रशविरहित मोटर तर नियंत्रकावाचून धड एक फेराही घेऊ शकत नाही. उपेक्षित तिसरा गडी असा अपरिहार्य होऊन बसला.

आता या तिघांचे गणित पाहू. ते अवघड नाही. मोटरीवर ‘दर व्होल्टला २००० फेरे’ असे लिहिले आहे असे धरा. लिथियमच्या तीन घटांची बॅटरी ११.१ व्होल्टची, म्हणजे ओझ्यावाचून मिनिटास २२,२०० फेरे. हौशी खेळाडू अधिक वेगासाठी चौथा घट जोडतो : १४.८ व्होल्ट, २९,६०० फेरे. फेरे वाढले तिसऱ्या हिश्श्याने. परंतु पाण्यात फिरणाऱ्या पंख्याला लागणारी शक्ती स्थूलमानाने फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते; म्हणून पंखा तोच ठेवल्यास ती सुमारे २.४ पट होते. दाब वाढलेला जमेस धरला तरी प्रवाह पावणेदोन पटींच्या वर जातो. पूर्वी ६० अँपिअर मागणारी होडी आता शंभरावर मागू लागते, आणि ८० अँपिअरचा नियंत्रक धूर सोडतो. दोष बिचाऱ्या नियंत्रकावर येतो. खरा दोष पंखा लहान न करण्याचा असतो.

बॅटरीचेही तसेच. ५ अँपिअर-तासांची बॅटरी १०० अँपिअर देऊ लागली, तर तीन मिनिटांत रिती होते. प्रवाह देण्याची तिची ऐपत नसेल तर दाब कोसळतो, ती तापते, फुगते, आणि प्रसंगी पेटते. लिथियमच्या आगीशी खेळ नव्हे. म्हणूनच जाणकार मंडळी आधी हद्दीची पंखा-मोटर जोडी ठरवितात, ती किती प्रवाह मागते हे मोजतात, मग त्याहून दीड पटीचा नियंत्रक आणि त्याहूनही उदार बॅटरी निवडतात. बॅटरी व नियंत्रक यांमधल्या तारा आखूड ठेवतात, कारण लांब तारांत उठणाऱ्या दाबाच्या उसळ्या नियंत्रकास घातक ठरतात. आणि नियंत्रकाभोवती तळ्याचेच पाणी खेळवून त्यास थंड ठेवतात.

हा मेळ केवळ खेळाचा विषय नव्हे. मनीमाजऱ्याच्या गल्ल्यांतून निःशब्द धावणारी ई-रिक्षा हेच त्रिकूट घेऊन चालते. केरळात वैक्कमच्या जलमार्गावर २०१७ पासून चालू झालेली ‘आदित्य’ ही पंचाहत्तर आसनांची सौर नौका, आणि मुंबईच्या माझगाव डॉकसाठी केरळातच बांधलेली ‘बॅराकुडा’, या त्याच चिमुकल्या होडीच्या थोरल्या भगिनी. छोट्या होडीत चूक झाली तर एक खेळणे बुडते. मोठ्या नौकेत माणसे बसलेली असतात. तळ्यावर जे शिकता येते, ते समुद्रावर महागात शिकण्याची वेळ येऊ नये.

आपण परमुलखात कारभार पाहणारी माणसे. खजिना भरलेला, कामगार तत्पर, आणि मधला अंमलदार तोकडा, अशी कचेरी किती काळ चालते हे आपणांस ठाऊक आहे. खजिना रिता असताना अंमलदाराने कितीही शाई खर्चिली तरी काम पुढे सरकत नाही, हेही आपण पाहिले आहे. याकोबीच्या नौकेस बलवान घट नव्हता, टेस्लाच्या होडीस पुरा लगाम नव्हता. दोघांच्या मोटरी मात्र उत्तम फिरत होत्या. पुढल्या काळात जे यश आले, ते एकाला बलाढ्य करून नव्हे, तर तिघांना एकमेकांच्या मापाचे करून आले.