धातुकाचेवरील ठसा आणि आलेखाचे मौन

मराठीत 'काच' म्हणताच पारदर्शकता आणि ठिसूळपणा हे दोन गुण प्रथम मनात येतात. पदार्थविज्ञानात मात्र या शब्दाचा अर्थ अंतर्रचनेवरून ठरतो. ज्या घनपदार्थात अणूंची स्फटिकासारखी नियमित मांडणी नसून द्रवातील अव्यवस्थाच गोठून राहिलेली असते, तो काच होय. १९६० साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे क्लेमेंट, विलेन्स व द्युवेझ यांनी सोने आणि सिलिकॉन यांचा वितळलेला मिश्रधातू अतिवेगाने थंड केला, आणि या अर्थाने धातूही काच होऊ शकतो, हे दाखवून दिले.

येथून एक तात्त्विक अडचण उभी राहिली. स्फटिकी धातू का वाकतो, याचे उत्तर टेलर, ओरोवान व पोलानी यांनी १९३४ साली दिले होते: स्फटिकाच्या मांडणीतील रेषारूप दोष सरकत जातात, म्हणून धातू वाकतो. जेथे मांडणीच नाही, तेथे असा दोष तरी कोठून असणार? १९७७ साली स्पेपेन यांनी अणूंमधील मोकळ्या जागेच्या, तर १९७९ साली आर्गॉन यांनी अणूंच्या लहान समूहांच्या एकत्रित सरकण्याच्या आधारे या प्रश्नाची उकल सुचविली. सामान्य तापमानास हे सरकणे अतिशय अरुंद अशा कातरपट्ट्यांत एकवटते. ताण दिल्यास एखादाच पट्टा वाढून नमुना तुटतो, आणि अभ्यासास फारसे काही उरत नाही. उलट टोकदार हिरा पृष्ठभागावर दाबल्यास सभोवतालचा पदार्थ त्या भागास आवळून धरतो, व न तुटता अनेक पट्टे निर्माण होतात.

ठसा उमटवून कठिनता मोजण्याची रीत जुनीच होती. १९०० साली ब्रिनेल यांनी पोलादी गोळीचा उपयोग केला. परंतु त्यांच्या पद्धतीत भार काढून घेतल्यावर उरलेला ठसा तेवढा मोजावयाचा असे. पुढे भार व खोली यांची नोंद अखंड होऊ लागली, आणि १९९२ साली ऑलिव्हर व फार यांनी तिच्यावरून कठिनता काढण्याची पद्धत सुस्थिर केली. अशा रीतीने केवळ परिणाम नव्हे, तर त्याचा घटनाक्रमही वाचता येऊ लागला.

२००३ साली शू व निए यांनी अनेक धातुकाचांवर हा प्रयोग केला. भार सावकाश वाढविला असता आलेखात पायऱ्या उमटल्या. वेगाने वाढविला असता त्या लोपल्या. वेग वाढला की एकटा पट्टा पुरा पडत नाही, अनेक पट्टे एकाच वेळी कार्य करू लागतात, असा अर्थ त्यांनी लावला. त्याच वर्षी जियांग व ॲट्झमन यांना ॲल्युमिनियमप्रधान धातुकाचेत याच्या उलट दिसले: पायऱ्या केवळ अधिक वेगासच आढळल्या. तथापि अणुबल सूक्ष्मदर्शकाने ठशाभोवतालचा भाग तपासला, तेव्हा कातरपट्टे सर्वच वेगांना आढळून आले.

या पुराव्याचे महत्त्व त्या विशिष्ट मिश्रधातूपुरते मर्यादित नाही. आलेखातील पायरी हे एक चिन्ह आहे. स्फटिकी धातूतही अशी पायरी उमटते, परंतु तेथे ती रेषादोषांच्या उगमाची सूचक मानली जाते. चिन्ह तेच, अर्थ मात्र संदर्भाने बदलतो. शिवाय चिन्ह न उमटणे म्हणजे घटना न घडणे नव्हे. शिलालेखात उल्लेख नाही, एवढ्यावरून एखादी प्रथाच नव्हती असे आपण ठरवीत नाही. आलेख गुळगुळीत आहे, एवढ्यावरून पदार्थ सर्वत्र सारखा वाहिला, असेही ठरविता येत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष ठशाकडेच परत जावे लागते.