सुइणीचं काम : वतन नको, विद्या हवी

डॉक्टरांचे इतिहास छापले जातात. सुइणीचा इतिहास कोणी लिहीत नाही. तो आपल्या आयाबायांच्या हातांचा इतिहास आहे आणि त्या हातांना गावानं विटाळ म्हटलं. म्हणून हे टिपण.

सुइणी वेगवेगळ्या जातींच्या होत्या. पण कित्येक गावांत हे काम मांगवाड्यातल्या, नाही तर महारवाड्यातल्या बाईकडंच असे. माझी आजी त्यांतलीच. तिला कुणी शाळेत घालून तयार केलं नाही. सासूमागं कंदील धरून बसायचं, पोटावर हात ठेवून मूल आडवं की सरळ ते ओळखायचं, वार पुरी पडली का ते बघायचं. अशी दहा-वीस बाळंतपणं पाहिली, की एका रात्री सासू म्हणायची, "आता तू बस." ही विद्याच होती. कळा सुरू झाल्या की पाटलाच्या माजघरात आजीला वाट मोकळी. नाळ कापली, वार पुरली, रक्ताची लुगडी धुतली, की गोमूत्र शिंपडून तीच वाट बंद. पदरात शेर-दोन शेर जोंधळे आणि एक जुनेर.

आणि आपल्या बाईचं बाळंतपण? १८५५ साली मुक्ता साळवे या मांगाच्या मुलीनं, जोतीराव-सावित्रीबाईंच्या विद्यार्थिनीनं, 'ज्ञानोदया'त निबंध लिहिला. घरावर छप्पर नसताना आमच्या बाया थंडीपावसात बाळंत होतात, आजारी पडल्या तर औषधाला पैसा कुठून आणायचा, असा सवाल तिनं केला. पुढं ७४ वर्षांनी, १२ डिसेंबर १९२९च्या 'यंग इंडिया'त काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत आली. बायको बाळंत होऊन दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. दोन रुपये फी कबूल केल्यावर आला, तोही वस्तीबाहेर. थर्मामीटर त्यानं एका मुसलमानाच्या हातात दिलं, त्यानं नवऱ्याच्या, नवऱ्यानं बायकोच्या. ओली बाळंतीण मेली. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त हे नोंदवून ठेवलंय. आमचा हात त्यांच्या नाळेला चालत होता, त्यांचा हात आमच्या नाडीला लागत नव्हता!

यावर पहिलं उत्तर नकाराचं. मेलेलं ढोर खाणं सोडा, असं बाबासाहेबांनी मार्च १९२७मध्ये महाडला बजावलं. उत्तर प्रदेशातल्या चर्मकार समाजानं १९५०नंतर 'नारा-मवेशी' आंदोलन उभं केलं. नारा म्हणजे नाळ, मवेशी म्हणजे गुरं. नाळ कापणार नाही, मेलेली जनावरं ओढणार नाही!

दुसरं उत्तर सरकारचं. १९०३ला लेडी कर्झननं दायांच्या शिक्षणासाठी व्हिक्टोरिया मेमोरियल स्कॉलरशिप्स फंड काढला. साहेबांच्या कागदात दाई म्हणजे अडाणी, गलिच्छ बाई. मळक्या हत्यारानं नाळ कापली की धनुर्वात होतो आणि पोरं दगावतात, हे खरंच. पण साबण, उकळलेलं पाणी, डॉक्टर गावात आलेच नाहीत, हा दोष कुणाचा? १९४६च्या भोर समितीचा अंदाज होता, की देशात वर्षाला सुमारे २ लाख बाया बाळंतपणात मरतात. शिकलेल्या सुइणी पुरेशा होईपर्यंत दायांनाच शिकवा, असं तिनं सुचवलं.

१९७७च्या ग्रामीण आरोग्य योजनेत ते मोठ्या प्रमाणावर झालं. हजार वस्तीमागं एक दाई. शिक्षण ३० दिवसांचं, विद्यावेतन ३०० रुपये. आठवड्यातले दोन दिवस केंद्रात, चार दिवस नर्सबाईबरोबर गावात. देखरेखीखाली निदान दोन बाळंतपणं स्वतः करायची, मग प्रमाणपत्र आणि सामानाची पेटी. हात, जागा, पातं, दोरा, नाळेचं टोक, हे सारं स्वच्छ ठेवायचं, हा धडा. नोंदवलेल्या बाळंतपणामागं १० रुपये. आजीनं सासूकडून घेतलेल्या विद्येवर पहिल्यांदा सरकारी शिक्का बसला, पण पगार नाही, नेमणूक नाही.

२००५ला जननी सुरक्षा योजना आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ला देशात शंभरातली ३९ बाळंतपणं दवाखान्यात होत, २०१९-२१ला ८९. महाराष्ट्रात ९५. मी याचं दुःख करणार नाही. दवाखान्यात रक्त मिळतं, ऑपरेशन होतं, बाई वाचते. पण पिढ्यान् पिढ्या हात राबवलेल्या सुइणीला पेन्शन नाही, साधा निरोपही नाही. २०१८ला केंद्रानं सुईणपणाचा १८ महिन्यांचा अभ्यासक्रम आखला, तो नोंदणीकृत नर्ससाठी. जे काम विटाळाचं होतं तेव्हा आमच्यावर लादलं. ते प्रतिष्ठेचं झालं तेव्हा दारावर पदवीची पाटी लागली.

मित्रांनो, लादलेलं काम नाकारणं बरोबरच होतं. तेच काम पगार, नोंदणी आणि अधिकारासह मागणं हेही तितकंच बरोबर आहे. नंदुरबार-गडचिरोलीच्या डोंगरात अजून घरी बाळंतपणं होतात, तिथं शिकलेले हात हवेत. वस्तीतल्या पोरींना नर्सिंगला पाठवा, त्यांच्या शिष्यवृत्तीसाठी समाजकल्याणच्या दारात बसा. आणि वस्तीत एखादी म्हातारी सुईण हयात असेल तर तिच्याजवळ वही घेऊन बसा. ती काय काय ओळखत होती, काय करत होती, तिला काय मिळालं, सगळं लिहून काढा. आपण नाही लिहिलं, तर साहेबाच्या कागदातली तेवढी गलिच्छ दाईच उरेल.