‘द वाइल्ड रोबोट’ : निर्जन बेटावरील यंत्राची कहाणी

अमेरिकी लेखक आणि चित्रकार पीटर ब्राऊन यांची ‘द वाइल्ड रोबोट’ ही बालकादंबरी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तोवर ब्राऊन यांची ओळख चित्रपुस्तकांचे कर्ते अशी होती. त्यांनी चित्रे काढलेल्या ‘क्रीपी कॅरट्स’ या पुस्तकाला २०१३ मध्ये कॅल्डकॉट सन्मान मिळाला होता. शहरात उगवणाऱ्या बागेवरील ‘द क्यूरिअस गार्डन’ हे पुस्तक करीत असताना त्यांच्या मनात उलट प्रश्न उभा राहिला : निसर्ग माणसाच्या वस्तीत शिरतो, तसे एखादे यंत्र रानात जाऊन पडले तर? झाडावर उभ्या असलेल्या रोबोटच्या एका रेखाटनातून पुढे ८० छोट्या प्रकरणांची ही पहिली कादंबरी साकारली. तीतील कृष्णधवल चित्रेही ब्राऊन यांचीच आहेत.

वादळात एक मालवाहू जहाज बुडते. रोबोटांच्या पेट्यांपैकी पाच बेटाच्या किनाऱ्याला लागतात. त्यातील चार खडकांवर आपटून फुटतात. वाचलेल्या पेटीशी खेळताना समुद्री पाणमांजरांकडून चुकून कळ दाबली जाते आणि ‘रॉझम ७१३४’, म्हणजेच रॉझ, जागी होते. बेटावर माणूस नाही. प्राण्यांच्या लेखी ती राक्षसीण. काडीकीटकाचे पाहून ती अंगाला चिखल आणि पालापाचोळा लावते, झाडाझुडपांत मिसळून तासन् तास निश्चल उभी राहते आणि केवळ ऐकून प्राण्यांची भाषा शिकते. भाषा आली म्हणून वैर मात्र सरत नाही. त्यासाठी कथेत एक मृत्यू घडावा लागतो.

कड्यावरून कोसळताना रॉझच्या हातून नकळत हंसांचे एक घरटे चिरडले जाते. उरते ते एकच अंडे. त्यातून निघालेले पिल्लू, ब्राइटबिल, तिलाच आई समजते. (सरोवरातील शुभ्र हंस येथे डोळ्यांसमोर आणू नये. हे लांबवर स्थलांतर करणारे रानहंस आहेत. हिवाळ्यात भारतातील जलाशयांवर उतरणाऱ्या राजहंसांचे नातलग.) पिल्लाचे हे वागणे कल्पित नाही. अंड्यातून बाहेर पडल्यावर पहिल्या काही तासांत दिसणाऱ्या हलत्या आकृतीमागे हंसाची पिल्ले जातात, हे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी १९३०च्या दशकात तपशिलाने दाखविले. १९७३ च्या नोबेल पुरस्काराचे ते एक मानकरी होते. ब्राऊन यांनी या शास्त्रीय सत्याला अपराधाची जोड दिली, हे कादंबरीचे खरे बळ. ज्या हातांनी कुटुंब संपविले त्याच हातांना त्यातील उरलेला जीव वाढवायचा आहे, आणि मोठ्या झालेल्या ब्राइटबिलला ते सांगायचेही आहे. मुलांच्या पुस्तकात सहसा टाळली जाणारी ही अडचण ब्राऊन साध्या, छोट्या वाक्यांत हाताळतात.

पिल्लासाठी रॉझला मदत मागावी लागते. एक वयस्क हंसीण सल्ला देते, बीव्हर घर बांधून देतात, हरणे बाग फुलवायला हातभार लावतात. तरीही हे रान गोंडस नाही. येथे प्राणी एकमेकांना खातात. फक्त पहाटेच्या तहाच्या वेळी कोणी कोणाची शिकार करायची नाही, एवढाच नियम आहे. कडाक्याच्या थंडीत रॉझ आपले घर आणि शेकोटी सर्वांसाठी खुली करते, तेव्हा तेथेही शिकारबंदी पाळली जाते. तरी वसंतात बर्फ वितळल्यावर गोठून मेलेल्या प्राण्यांची कलेवरे दिसतातच.

‘रॉझम’ हे नाव जाणत्या वाचकाला कारेल चापेक यांच्या ‘आर. यू. आर.’ या चेक नाटकातील रॉसम कंपनीची आठवण करून देईल. १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या नाटकानेच जगाला ‘रोबोट’ हा शब्द दिला. तो ज्यावरून आला त्या चेक शब्दाचा अर्थ वेठ, वेठबिगारी. चापेकचे रोबोट माणसांविरुद्ध बंड करतात. रॉझला हिंसा करताच येत नाही, तिची घडणच तशी आहे. ती वेठीसाठी बनली, पण जेथे हुकूम देणारे कोणी नाही तेथे आपले काम तिने स्वतः निवडले.

कारखान्याला हे मान्य नसते. तिला परत न्यायला तीन ‘रेको’ रोबोट येतात. लढतात ते प्राणी. लढाई प्राणी जिंकतात, पण रॉझ इतकी मोडते की दुरुस्तीसाठी तिला बेट सोडावेच लागते. घर सापडल्यावर ते सोडायला लावणारा हा शेवट लहान वाचकांना चटका लावतो. तिची पुढील कहाणी ‘द वाइल्ड रोबोट एस्केप्स’ (२०१८) आणि ‘द वाइल्ड रोबोट प्रोटेक्ट्स’ (२०२३) या पुस्तकांत येते.

ख्रिस सँडर्स दिग्दर्शित ड्रीमवर्क्सचा चित्रपट सप्टेंबर २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. रॉझला लुपिता न्योंगो यांनी आवाज दिला. कादंबरीत दुय्यम असलेला कोल्हा चित्रपटात तिचा प्रमुख सोबती होतो आणि विनोदही वाढतो. पुस्तकातील संथ निरीक्षणाला मात्र तेथे फारशी जागा उरत नाही. ॲनिमेशनपट, संगीत आणि ध्वनी या तीन विभागांत त्याला ऑस्कर नामांकने मिळाली. ॲनिमेशनचा पुरस्कार लॅटव्हियाच्या ‘फ्लो’ला गेला; पुरात एका होडीत एकत्र आलेल्या प्राण्यांच्या त्या चित्रपटात एकही संवाद नाही.