इमारती लाकडाच्या परीक्षेची कुळकथा

तुळईस लागणाऱ्या लाकडाची परीक्षा आज प्रयोगशाळेतील यंत्रावर होत असली, तरी तिचे मूळ अरण्यात, उभ्या वृक्षापाशी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त प्रतिमेच्या काष्ठासाठी वर्ज्य वृक्षांची जी यादी दिली आहे, तीत स्मशानातले व देवालयाजवळचे वृक्ष येतात, परंतु त्यांच्याच पंक्तीस कुबडे, वेलींनी आवळलेले, विजेने वा वाऱ्याने पीडलेले, आपोआप उन्मळलेले आणि मधमाश्यांनी घर केलेले वृक्षही बसविलेले आहेत. पहिल्या दोहोंचा संबंध श्रद्धेशी असेल. उरलेल्यांचा मात्र लाकडाच्या बलाबलाशी आहे, कारण आवळलेल्या बुंध्याचे तंतू सरळ राहत नाहीत, विजेने गाभ्यात भेगा पडतात, आणि मधमाश्या पुष्कळदा पोकळ ढोलीचाच आश्रय करतात. यादी मूर्तीसाठी खरी, पण तिच्यामागची नजर जाणत्या सुताराचीच आहे, असे मला निःसंशय वाटते.

सुतार तीच परीक्षा ओंडका ठोकून करीत आला: खणखणीत नाद निर्दोष लाकडाचा, बद्द आवाज पोकळीचा वा कुजीचा.

नजर आणि कान ह्यांच्या जोडीस अंक आले ते युरोपात. गॅलिलिओने १६३८ साली तुळईच्या बळाचे गणित मांडले, आणि ब्यूफाँने फ्रान्समध्ये अठराव्या शतकात ओकच्या तुळया प्रत्यक्ष मोडून पाहिल्या. हिंदुस्थानात हे कार्य १९०६ साली स्थापन झालेल्या देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेने अंगावर घेतले. पाच सेंटिमीटर चौरस छेदाचा, ७५ सेंटिमीटर लांबीचा नमुना ७० सेंटिमीटर अंतरावरील दोन टेकूंवर ठेवून मध्यभागी भार वाढवीत न्यावयाचा, आणि सागवानाचे गुण १०० धरून इतर जातींचे मोल ठरवावयाचे, ही तिची पद्धत. साल भार पेलण्यात सागवानास हार जात नाही, परंतु आकार टिकविण्यात फार मागे पडतो, हे अशा तुलनेतूनच अंकांनी सिद्ध झाले.

तथापि यंत्राखाली जाणारा हा नमुना गाठ, भेग व तिरपा तंतू ह्यांपासून मुक्त असा निवडलेला असतो. घरात चढणारी तुळई तशी क्वचितच मिळते. म्हणूनच भारतीय मानक ८८३ प्रतवारी लावते, आणि तंतूंचा तिरपेपणा उत्तम प्रतीत वीसांस एक, पहिल्या प्रतीत पंधरांस एक व दुसरीत बारांस एक ह्याहून अधिक चालवून घेत नाही. वेलींनी आवळलेला वृक्ष टाळण्याची ती प्राचीन आज्ञा येथे मोजमापाच्या भाषेत पुन्हा भेटते. वाचकहो, घरासाठी तुळई खरेदी कराल तेव्हा वखारवाल्याच्या शब्दावर विसंबू नका; तंतूंची दिशा आपल्या डोळ्यांनी पाहा आणि फूटपट्टी लावून मोजा.