नागपूरचे खेळाडू आणि इंदूरचा राजाश्रय

इ. स. १९२३ हें साल नागपूरच्या इतिहासांत झेंडा-सत्याग्रहाचें साल म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच सालच्या ऑगस्ट महिन्यांत नागपूर विद्यापीठाची स्थापना झाली आणि पदवीसाठीं अलाहाबादच्या तोंडाकडे पाहण्याचें कारण मध्यप्रांतांतील विद्यार्थ्यांना उरलें नाहीं. या दोन गाजलेल्या घटनांच्या गर्दींत तिसरी एक गोष्ट घडली, तिच्याकडे मात्र इतिहासकारांचें फारसें लक्ष गेलेलें नाहीं. ऐन उमेदींतला एक खेळाडू नागपूर सोडून इंदुरास गेला. त्याचें नांव कोट्टारी कनकय्या नायडू. ज्या वर्षीं नागपुरानें आपले विद्यार्थी घरीं ठेवण्याची सोय केली, त्याच वर्षीं आपला सर्वांत मोठा खेळाडू त्यानें घालवला.

नायडूंचें घराणें तेलुगु भाषेचें. परंतु आजोबांनीं नागपुरांत वकिली केली, घरें-जमिनी केल्या, आणि कुटुंब नागपूरचेंच होऊन गेलें. ३१ ऑक्टोबर १८९५ रोजीं नागपुरांत जन्मलेला हा मुलगा वयाच्या सातव्या वर्षींच शाळेच्या संघांत घेतला गेला, असें सांगतात. पुढें हिस्लॉप शाळेच्या संघाचें नायकत्व त्याच्याकडे आलें, आणि शाळेबाहेर मोदी क्रिकेट क्लबांत त्याच्या फलंदाजीला धार चढली. हिस्लॉप आणि मॉरिस हीं नागपूरचीं दोन जुनीं कॉलेजें १८८३ ते १८८५ च्या दरम्यान निघालेलीं. शाळा-कॉलेजांतून खेळाडू तयार होत. पण शिक्षण संपलें कीं बहुतेकांचा खेळहि संपे. पुढें कचेरी, वकिली किंवा मास्तरकी. आणि बॅट माळ्यावर.

नायडूंची बॅट माळ्यावर गेली नाहीं. इ. स. १९१६ सालीं मुंबईच्या सामन्यांत ते हिंदु संघाकडून युरोपियन संघाविरुद्ध प्रथम खेळले. संघाचे सात गडी ७९ धांवांत बाद झालेले, आणि नवव्या क्रमांकावर हा नवखा तरुण आला. पहिले तीन चेंडू त्यानें मुकाट्यानें अडवले. चौथा सरळ षट्कारासाठीं भिरकावून दिला. मुंबईच्या प्रेक्षकांना नागपूरचें नांव त्या दिवसापासून निराळ्या कारणासाठीं ठाऊक झालें.

आतां प्रश्न असा येतो, कीं अशा खेळाडूस नागपूर काय देऊं शकत होतें? मैदान होतें, चाहते होते, नांवलौकिक होता. पोटापाण्याची सोय नव्हती, आणि तिचें मूळ क्रिकेटच्याहि फार मागें जातें. डिसेंबर १८५३ मध्यें तिसरे रघूजी भोंसले निपुत्रिक वारले. पुढच्याच वर्षीं डलहौसीनें राज्य खालसा केलें. भोंसल्यांचें जडजवाहीर लिलावांत निघालें ही हळहळ अनेकांनीं लिहून ठेवली आहे. पण जवाहिराबरोबर आणखी एक वस्तु गेली, ती लिलावाच्या यादींत नव्हती. ती म्हणजे दरबार. गवई, पहिलवान, शिकारी, कारागीर यांना पोसणारें घर म्हणजे दरबार. नागपूर पुढें प्रांताची राजधानी झालें, तेथें कमिशनर आले, सेक्रेटरिएट आलें. परंतु एखाद्या पहिलवानाच्या खुराकाचा खर्च कोणत्याहि सेक्रेटरिएटच्या अंदाजपत्रकांत बसत नाहीं. इंदुरास होळकरांची गादी शाबूत होती. एवढाच काय तो दोन शहरांतला फरक. पण तो निर्णायक ठरला.

राजाश्रय ही महाराष्ट्रास नवी कल्पना नव्हती. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं अल्लादियाखांसाहेबांना दरबारीं ठेवून घेतलें, आणि १९१२ सालीं खासबागेचें मैदान बांधून कुस्तीला हक्काचें घर दिलें. दूरदूरचे मल्ल तेथें आले. ते आपलें गांव सोडून आले म्हणून कोणी त्यांना बोल लावला नाहीं. होळकरांनीं नायडूंच्या बाबतींत केलें तें याच वळणाचें होतें. तुकोजीराव होळकरांनीं त्यांना बोलावून घेतलें आणि आपल्या फौजेंत कॅप्टनचा हुद्दा दिला. बॅट चालवणाऱ्यास तलवारीचा मान मिळाला. खेळाडूला पगारी नोकर म्हणण्यापेक्षां फौजेचा अंमलदार म्हणणें घरंदाज माणसाला मानवणारें होतें, आणि दरबाराला त्याची जाण होती.

ज्यांना असा दरबार भेटला नाहीं, त्यांची वाट अधिक खडतर होती. थोर गोलंदाज बाळू पालवणकर हे चांभार समाजांतले. पुण्यास गोऱ्यांच्या जिमखान्यावर ते मैदानाची देखभाल करीत आणि साहेबांना सरावासाठीं चेंडू टाकीत. पुढें हिंदु संघास त्यांच्या गोलंदाजीची गरज पडली, तेव्हां ते संघांत आले. पण चहाची वेळ झाली कीं त्यांचा पेला निराळा आणि जागा बाहेर. मुंबईस गेल्यावर बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची नोकरी मिळाली, तिनें त्यांचा खेळ टिकवला. गांव बदलणें ही हौस नसून निकड असते, हें बाळूंच्या उदाहरणावरून नायडूंच्यापेक्षांहि स्पष्ट दिसतें.

इंदुरास गेल्यावर नायडूंचें भाग्य उघडलें. १९२६ च्या डिसेंबरांत गिलिगनच्या इंग्रज संघाविरुद्ध मुंबईच्या जिमखान्यावर त्यांनीं दोन तासांहून कमी वेळांत १५३ धांवा काढल्या. त्यांत अकरा षट्कार होते. २५ जून १९३२ रोजीं लॉर्ड्सच्या मैदानावर हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना सुरू झाला, तेव्हां संघनायक तेच होते. या नायकपदाची कथाहि राजाश्रयाच्या काळाला शोभेशीच आहे. दौऱ्याचे नायक पोरबंदरचे महाराज, आणि उपनायक लिंबडीच्या राजघराण्यांतले. महाराजांनीं आपली खेळांतली योग्यता ओळखून मोठ्या मनानें माघार घेतली, उपनायक दुखापतीनें अडले, आणि तेव्हां कोठें नागपूरच्या वकिलाच्या नातवाकडे नायकत्व आलें. दोन राजपुरुष बाजूला झाले म्हणून खऱ्या गुणाला वाट मिळाली, ही गोष्ट राजाश्रयाचे गोडवे गातांना विसरूं नये.

एक मोठें झाड उभें राहिलें कीं त्याच्याभोंवतीं राई जमते. नायडूंच्या पाठोपाठ इंदूर हें खेळाडूंचें माहेर बनलें. मुश्ताक अली तर इंदूरचेच. पण बाकीचे कोठकोठून आले हें पाहण्याजोगें आहे. चंदू सरवटे जन्मले सागरास. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या संघाकडून सुरुवात करून, महाराष्ट्र व मुंबई असे मुक्काम करीत ते होळकर संघांत आले. भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे; १९४८ च्या डिसेंबरांत पुण्यास महाराष्ट्राकडून नाबाद ४४३ धांवा काढणारे तेच, पण होळकर संघाच्या वैभवांतहि त्यांचा मोठा वांटा आहे. डावखुरे गोलंदाज हिरालाल गायकवाड नागपुरांत जन्मलेले. आणि नायडूंचे धाकटे बंधु सी. एस. नायडू, तेहि नागपूरचेच. परंतु ते मध्येंच बडोद्यास गेले, १९४२-४३ च्या रणजी हंगामांत बडोद्यासाठीं ४० बळी घेऊन त्यांनीं विक्रम केला, आणि नंतर होळकर संघांत परतले. दोघे भाऊ कांहीं काळ दोन निरनिराळ्या संस्थानांच्या झेंड्याखालीं होते.

मार्च १९४५ मध्यें मुंबईस झालेला रणजी करंडकाचा अंतिम सामना या सगळ्या स्थलांतराचा जणूं देखावाच होता. होळकर संघाचे नायक कनकय्या नायडू, वय ४९. त्यांच्या संघांतून खेळत होता इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन. महायुद्धामुळें तो महूच्या छावणींत होता, आणि महू इंदुरास लागून. मग त्याला सोडतो कोण! दुसऱ्या डावांत तो नाबाद २४९ राहिला. सी. एस. नायडूंनीं त्या एका सामन्यांत ९१७ चेंडू टाकले. एवढे चेंडू एका सामन्यांत दुसऱ्या कोणीं टाकलेले नाहींत. तरी मुंबई ३७४ धांवांनीं जिंकली. पुढच्याच हंगामांत होळकर संघानें म्हैसूरविरुद्ध आठ बाद ९१२ धांवांचा डोंगर रचला. त्या एका डावांत सहा जणांनीं शतकें केलीं, आणि त्यांत पन्नाशीचे नायडूहि होते. करंडक त्या वर्षीं इंदुरास गेला. १९४४-४५ पासून अकरा हंगामांत होळकर संघ दहा वेळां अंतिम सामन्यास पोंचला आणि चार वेळां विजयी झाला. अन्य संस्थानेंहि मागें नव्हतीं. सांगलीचे विजय हजारे महाराष्ट्र आणि मध्य हिंदुस्थान असे टप्पे घेत बडोद्यास स्थिरावले, लाहोरचे गुल महंमद तेथें आले, आणि १९४७ च्या अंतिम सामन्यांत या दोघांनीं होळकरांविरुद्धच ५७७ धांवांची भागीदारी केली. ज्या हत्यारानें इंदुरानें इतरांना जिंकलें, तेंच त्याच्यावर उलटलें.

आणि या काळांत नागपूर? रणजी करंडकाच्या पहिल्या वर्षापासून, म्हणजे १९३४ पासून, मध्यप्रांत व वऱ्हाडचा संघ खेळत होता. पण नांव घेण्यासारखें यश त्याच्या वांट्याला आलें नाहीं. ज्यांच्या बळावर तें यावें, ते दुसऱ्याच्या अंगणांत खेळत होते. याबद्दल नायडूंना दोष देणें अन्यायाचें होईल. परंतु नागपूरची हानि खोटी नव्हती. थोर खेळाडू गांवांत असला कीं रोज संध्याकाळीं जाळ्याभोंवतीं दहा मुलें उभीं राहतात, आणि त्यांतलीं दोन पुढें खेळाडू होतात. तीं दहा मुलें इंदूरचीं झालीं.

खेळाडू कोणाचा, हा वाद केवळ इकडचा नाहीं. इंग्लंडांत १८७३ सालींच नियम करावा लागला, कीं एका हंगामांत एकाच परगण्याकडून खेळावें, आणि तेंहि जन्मानें वा वास्तव्यानें हक्क असेल तर. अमेरिकेंत बास्केटबॉल हा खेळ १८९१ सालीं नायस्मिथ नांवाच्या एका शिक्षकानें स्प्रिंगफील्ड येथें काढला, आणि तो मुख्यतः कॉलेजांत वाढला. तेथें दीर्घ काळ असा दंडक होता, कीं एक कॉलेज सोडून दुसऱ्यांत गेलेल्या खेळाडूनें वर्षभर मैदानाबाहेर बसावें. २०१८ सालीं कॉलेज बदलूं इच्छिणाऱ्यांची एक जाहीर नोंदवही सुरू झाली, २०२१ मध्यें एकदां विनाअट बदलीची मोकळीक मिळाली, २०२४ मध्यें कितीहि वेळां बदलण्याची, आणि २०२५ पासून तर कॉलेजें खेळाडूंस उघड पैसे देऊं लागलीं. तेथील वृद्ध प्रशिक्षक कपाळाला हात लावतात. होळकरांच्या दरबारांत त्यांना नवल वाटण्यासारखें फारसें कांहीं सांपडलें नसतें.

संस्थानें विलीन झालीं आणि तो दरबारहि मोडला. १९५४-५५ नंतर होळकर हें नांव रणजीच्या यादींतून गेलें. नायडूंनीं स्वतः त्याआधींच आंध्राचें नायकत्व केलें होतें, आणि साठी उलटल्यावर ते उत्तर प्रदेशाकडून खेळले. १४ नोव्हेंबर १९६७ रोजीं इंदुरासच त्यांचा अंत झाला. दरबाराची जागा रेल्वे, बँका, गिरण्या व सैन्यदलें यांनीं घेतली. नागपूर १९५६ च्या नोव्हेंबरांत मुंबई राज्यांत आलें, आणि १९५७-५८ पासून विदर्भाचा स्वतंत्र संघ रणजींत उतरला. साठ वर्षें त्यानें पराभव पचवले.

मग वारें फिरलें. क्रिकेट मंडळाचा पैसा आतां प्रत्येक प्रांताच्या संघटनेकडे पोंचूं लागला होता. नागपूरजवळ जामठ्याचें मोठें मैदान २००८ सालीं उभें राहिलें, आणि दुसऱ्या प्रांतांतले कसलेले खेळाडू मेहनताना देऊन आणणें विदर्भास परवडूं लागलें. मूळ संघटनेचें ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावें, आणि एका संघांत असे पाहुणे तीनच असावेत, हा त्याचा नियम. २०१५ सालीं मुंबईचा वसीम जाफर नागपुरास आला. पुढें मुंबईचेच चंद्रकांत पंडित प्रशिक्षक झाले. १ जानेवारी २०१८ रोजीं विदर्भानें दिल्लीस नऊ गडी राखून हरवलें आणि रणजी करंडक प्रथमच जिंकला. रजनीश गुरबानीनें त्या सामन्यांत लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले. सामना झाला तो इंदुरास, होळकरांचें नांव धारण करणाऱ्या मैदानावर. पुढच्या हंगामांत जाफरनें १०३७ धांवा केल्या आणि जामठ्याच्या अंतिम सामन्यांत नागपूरच्या आदित्य सरवटेनें अकरा बळी घेऊन करंडक घरांतच ठेवला.

तिसरा करंडक आला २ मार्च २०२५ रोजीं, पुन्हां जामठ्यासच. या वेळीं प्रतिस्पर्धी केरळ. विदर्भाचा मोठा आधार होता करुण नायर. घराणें मल्याळी, क्रिकेट कर्नाटकाचें, आणि कर्नाटकानें वगळल्यावर नागपुरानें ठेवून घेतलेला. केरळच्या संघांत होता आदित्य सरवटे, जो त्याच हंगामांत विदर्भ सोडून तिकडे गेला होता. ज्या मैदानावर त्यानें विदर्भासाठीं अकरा बळी घेतले होते, तेथेंच त्यानें विदर्भाविरुद्ध ७९ धांवा केल्या. दुसऱ्या डावांत करुण नायर १३५ वर पोंचला, पुढें सरसावला, चेंडू चुकला आणि यष्टिरक्षकानें यष्ट्या उडवल्या. गोलंदाज होता सरवटे.